के2 ला साधं नाव का मिळालं नाही

जगातलं दुसऱ्या नंबरचं शिखर, 8611 मीटर उंच, आणि ओळखतात मात्र सर्व्हेवाल्यांच्या वहीतल्या नंबराने. हे विचित्र वाटतं खरं, पण ते ज्या पर्वतरांगेत आहे त्या काराकोरमचा नकाशा नीट बघितला की कळतं यात नवल काहीच नाही.

1856 मध्ये ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटिशांच्या काळात भारताची मोजणी करणाऱ्या मोहिमेचे, माँटगोमेरी काश्मीरात हरमुखवर चढले (आपल्याकडचे खूप जण काश्मीर ग्रेट लेक्स ट्रेक करतात, त्यात गंगाबल तलावाच्या वर जो बर्फाळ डोंगर दिसतो तोच हा) आणि तिथून ईशान्येला, दोनशे किलोमीटरपेक्षाही लांब, त्यांना दोन शिखरं ठळक दिसली. त्यांनी वहीत दोघांचे आकार काढले, नुसत्या रेघांनी, आणि के1, के2 असं लिहून टाकलं. के म्हणजे काराकोरम, बस.

हे नंबर तात्पुरतेच होते, स्थानिक नाव मिळालं की शक्यतो तेच घ्यायचं अशी सर्व्हेची पद्धत होती. के1 ला ते मिळालं, माशरब्रुम, कारण तो हुशे गावातून रोज समोर दिसतो, मग लोक त्याला नाव देणारच ना. पण के2 कोणाला दिसणार? दक्षिणेकडचं शेवटचं गाव आस्कोले, तिथून तो दिसतच नाही, पुढे बाल्तोरो हिमनदीच्या दगडगोट्यांवरून दिवसच्या दिवस चालायचं, उंच सुळके बघत, आणि काँकॉर्डियाला, म्हणजे हिमनद्या एकत्र येतात त्या जागी, पोचलं की डाव्या हाताची दरी उघडते आणि तिच्या टोकाला तो अख्खा उभा, पायथ्यापासून माथ्यापर्यंत! ना शेत, ना चराई, एवढ्या आत गावातलं कोण कशाला जाईल?

मधे गॉडविन-ऑस्टिन या सर्व्हेअरचं नाव द्यायचा प्रस्ताव आला होता. तो मान्य झाला नाही ते फार बरं झालं, माणूस मोठा होता, 1861 ला बाल्तोरोचा सर्व्हे त्यानेच केला, पण त्याच्यासाठी पायथ्याची हिमनदी आहेच की. चोगोरी हे नाव चीनच्या नकाशावर आहे, पण तिथले स्थानिक बाल्टी लोक स्वतःच आता सरळ 'केटू' म्हणतात, एका शब्दासारखं. तिथल्याच माणसांच्या तोंडी बसलंय म्हटल्यावर नाव बदला म्हणणाऱ्यांनी आता तो विषय सोडावा असं मला मनापासून वाटतं.