सातवा हात

2024 च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने विचखेड्याच्या सरपंचबाईंना पद परत दिलं. गाव आपल्याच जळगाव जिल्ह्यातलं. सरकारी जागेवरच्या घरात राहते म्हणून त्यांना अपात्र ठरवलं होतं. बाई सरपंच झाली हेच गावातल्या काहींच्या पचनी पडलं नाही, असं कोर्टाने स्पष्ट म्हटलं. मी पेपर घडी करून ठेवला आणि 2013 चा मे महिना आठवला.

तेव्हा मी तहसील कार्यालयात अव्वल कारकून होतो. तापीकाठच्या एका गावच्या सरपंचबाईंविरुद्ध अविश्वासाची नोटीस आली. गावाचं नाव सांगत नाही. नऊ जणांची ग्रामपंचायत, सात सह्या. मजकूर ठरलेला, 'सदस्यांना विश्वासात न घेता मनमानी कारभार.' नोकरीत अशा जेवढ्या नोटिसा पाहिल्या त्यांत हे वाक्य असायचंच, एकाच टायपिंगवाल्याकडून निघाल्यासारखं. खरं कारण गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. गटारीच्या बिलाच्या चेकवर बाई सही करत नव्हत्या.

ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 35 प्रमाणे नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत तहसीलदारांना सभा बोलवावी लागते. हे सात दिवस सदस्य गावात सापडत नाहीत. आमचे सातही जण 'देवदर्शनाला' गेले होते. सभेच्या सकाळी थेट क्रूझरमधून उतरले, कपाळाला कुंकू, डोळे झोपेचे. शेवटी उतरले ते आबा, ठराव आणणाऱ्या पुढाऱ्याचे सख्खे चुलते. ऊन 45 अंशांच्या घरातलं, पंखा बंद. बाहेर गुलालाची पोती तयार.

साहेबांनी ठराव वाचला आणि सरपंचांना बोलायला सांगितलं. बाई उठल्या, पदर सावरला आणि पिशवीतून सुंभाची दोरी काढून टेबलावर ठेवली. दोरीला मध्ये मध्ये गाठी.

"बिल दोनशे मीटरनं शे. मी दोरीवर मोजी. ह्या गाठीपुढे गटारच नही, साहेब."

बसल्या. इतिवृत्तात दोरी कशी लिहावी हे मला सुचेना. 'सरपंचांनी आपले म्हणणे मांडले' एवढंच लिहिलं. त्याची रुखरुख अजून आहे.

मग ठरावाच्या बाजूने हात वर करायला सांगितले. मी मोजले. सहा. पुन्हा मोजले. सहाच. आबांचे दोन्ही हात मांडीवर.

"आबा!" पुतण्या ओरडला.

"मन्हा हात दुखी ऱ्हायना," आबा म्हणाले. तेही माझ्याकडे बघून, जसा काही मीच डॉक्टर.

खिडकीतल्या पोरांनी सहा हात पाहिले आणि गुलाल उधळला. नऊपैकी सहा म्हणजे दोन तृतीयांश, पद सर्वसाधारण असतं तर बाई घरी गेल्या असत्या. पण पद महिलेसाठी राखीव होतं, बसलेलीही महिलाच, आणि अशा वेळी तीन चतुर्थांश लागतात. नऊचे तीन चतुर्थांश पावणेसात, म्हणजे सात हात. साहेबांनी तरतूद दोनदा वाचून दाखवली. पुढारी वकिलाला फोन लावत बसला. पटत नसेल तर वर दाद मागा, असं साहेबांनी सांगितलं आणि 'ठराव नामंजूर' अशी माझ्याकडून नोंद करून घेतली. (2017 पासून सरपंच थेट जनतेतून निवडायला लागले, नियमही बदलले. ही गोष्ट त्याआधीची.)

बाहेर आलो तर गुलालाने माखलेली पोरं गप्प उभी. बाईंनी दोरी गुंडाळून पिशवीत टाकली, घरी गेल्या. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गावाबाहेर केळीच्या बागेपाशी रस्त्यात कोणी उभं दिसलं. आबा. काखेत कापडी पिशवी, उजवा हात खांद्याच्या वर ताठ. ड्रायव्हरने जीप थांबवली.

"तालुक्याले सोडा, साहेब. आठ दिन पोरकडे ऱ्हास. आते घर जावानी सोय नही."

साहेब त्या हाताकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "सरका जरा."