धरणातली बोट आणि खाडीतली बोट

कागदावर दोन्ही बोटींत निवडण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही २१ फुटी, फायबरच्या, मागे १५० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे बाहेरून टांगलेलं इंजिन. किमतीही जवळपास सारख्याच. एक पुण्याच्या पश्चिमेला धरणाच्या पाण्यात वापरलेली, दुसरी रेवदंड्याच्या खाडीत. घेणाऱ्या ताई पनवेलला डॉक्टर, माहेर रेवदंड्याचं. सुट्टीत आईला आणि मुलांना घेऊन कोर्लईला जावं, समुद्र शांत असेल तेव्हा जंजिऱ्यापर्यंत फेरी मारावी, एवढीच त्यांची इच्छा. मी लहान बोटींचा सर्व्हेअर. कामं बहुतेक विम्याची, पण अलीकडे खरेदीआधीही लोक बोलावतात. फोनवरच ताई म्हणाल्या होत्या, "सर, माझं मन धरणातल्या बोटीवर बसलंय. गोड्या पाण्यातली आहे, मीठ लागलेलंच नाही तिला."

हे वाक्य मी सतत ऐकतो, आणि इंजिनापुरतं ते खरंही आहे. पण बोट म्हणजे नुसतं इंजिन नव्हे.

दिवस ठरवला तो भरती बघून. जानेवारीतली संकष्टी होती. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास पूर्ण होते. तिथीची पाऊणपट केली की वेळ मिळते, हे गणित किनाऱ्यावर पोरांनाही येतं. खाडीत तीनला बोट पाण्यात हवी, तर धरणावर सकाळी लवकर पोचायला हवं. ताईंबरोबर त्यांचे मामाही आले होते. सगळी हयात मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणून गेलेला माणूस. गाडीत ते फारसे बोलले नाहीत.

धरणातली बोट आधी पाण्यातच चालवली. बघताक्षणी आवडावी अशीच होती. रंगाला चमक, सीटवर एक चीर नाही, तासांच्या मीटरवर आकडा अगदी थोडा. पाणी सपाट होतं. थ्रॉटल पुढे केला आणि बोट काही सेकंदांत पाण्यावर चढून धावायला लागली. पूर्ण वेगात ५८०० आरपीएम. या इंजिनाची मर्यादा ५००० ते ६००० आहे, म्हणजे पंखा (प्रोपेलर) अगदी योग्य बसलेला. ताईंचा चेहरा खुलला. मालक भला माणूस. उतरल्यावर स्वतः चहा घेऊन आला.

मग बोट ट्रेलरवर चढवली आणि मी प्लास्टिकची हातोडी काढली.

ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं. सव्वादोनशे किलोच्या आसपास वजन, वर पंख्याचा सगळा रेटा, तोही लाटेत धक्के खात. बाहेरून ती फायबरची दिसते, पण पुष्कळ बोटींत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं, आणि खरी ताकद त्या लाकडाची. वरच्या कडेपासून मी हळूहळू ठोकत खाली आलो. वर आवाज टणक, कोरडा. इंजिनाच्या खालच्या बोल्टांपाशी आल्यावर तो बदलला. भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारावं तसा, बसका. मामा चहाचा कप हातात घेऊन उभे होते; त्यांनी कप खाली ठेवला आणि जवळ आले.

ओलावा मोजायचं यंत्र लावलं. त्याचा एकच आकडा घेऊन निकाल द्यायचा नसतो. कोरड्या जागेशी ताडून बघायचं असतं. वरच्या भागात काटा खाली, खालच्या हातभर पट्ट्यात थेट शेवटाला. मग इंजिनाचा खालचा भाग दोन्ही हातांनी धरून वर-खाली दाबला. इंजिनाबरोबर ट्रान्समही किंचित हलत होता. तो अजिबात हलता कामा नये.

मालकाला विचारून सोनारच्या, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राच्या, सेन्सरचा एक स्क्रू काढला. तो फिरवायला जोरच लागला नाही. भोकातून चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं आणि थांबेना. स्क्रूच्या आट्यांत काळपट लगदा अडकला होता. बोटांनी चोळला तर पिठासारखा झाला, वास कुजक्या पाल्याचा. मालक म्हणाला, "अहो, पण ही तर वर्षातून आठ महिने झाकूनच असते!"

झाकून असते, हेच तर कारण. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी आणि थोडी हवा लागते. समुद्राचं मीठ तिला मानवत नाही, पावसाचं पाणी मानवतं. मुळशी-ताम्हिणीकडचा पाऊस कसा असतो ते वेगळं सांगायला नको. वर ताडपत्री, ताडपत्रीच्या खोळीतून झिरपणारं पाणी, पाणी जायच्या भोकात पाला, आणि ट्रेलर पुढून खाली झुकलेला, त्यामुळे आत शिरलेलं पाणी मागे येऊन बाहेर पडायला वावच नाही. त्यात सेन्सर बसवणाऱ्याने स्क्रूच्या भोकात सीलंट भरलं नव्हतं. एवढ्याशा भोकातून काही पावसाळ्यांत ट्रान्समचं लाकूड गेलं. बोट जितकी कमी वापरली, तितकं हे कुणाच्या लक्षात यायची शक्यता कमी. म्हणून मीटरवरचा थोडा आकडा पाहून मी खूश होत नाही.

टाकीचीही तीच गत. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं की हवेतला ओलावा ओढतं आणि पाणी तळाशी वेगळं होतं. फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं तर खाली पाण्याचा थर स्पष्ट दिसत होता.

घाट उतरताना ताई बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "दुरुस्त नाही का होणार?" होतं, मी म्हटलं. इंजिन उतरवायचं, फायबरचा एक थर कापून काढायचा, लाकूड खरवडून नवीन घालायचं, पुन्हा फायबर चढवायचं. चांगला कारागीर असेल तर ट्रान्सम पहिल्यापेक्षा मजबूत होतो. पण तळाचे लांब आधारही भिजलेत का, हे बोटीतली जमीन उघडल्याशिवाय कळत नाही, आणि न उघडलेल्या कामाची किंमत मी कुणाला छातीठोकपणे सांगत नाही. मागच्या सीटवरून मामा म्हणाले, "पोरी, लाकडाला दर्याचं पानी मारत नाय. पावसाचं पानी मारतं." चाळीस पानांच्या अहवालात मी याहून वेगळं काही लिहिलं नसतं.

रेवदंड्याची बोट पाहिली आणि ताईंचं तोंड उतरलं. उन्हाने रंग पांढुरका, हात फिरवला की भुकटी लागत होती. सीट फाटलेल्या. तास पहिलीच्या तिपटीहून जास्त. वायरींची टोकं हिरवी पडलेली, बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा स्विच मेलेला, पेट्रोलच्या नळीला भेगा.

पण ट्रान्सम! वरपासून खालपर्यंत एकच टणक आवाज. तिथलाही एक स्क्रू काढला. पक्का बसलेला, आट्या कोरड्या. इंजिनावरच्या धातूच्या बळीच्या पट्ट्या, ज्यांना आपल्याकडे सरसकट झिंक म्हणतात, निम्म्या खाल्लेल्या होत्या. ताईंना ते खराब वाटलं. मला बरं वाटलं. झिंक स्वतः झिजून इंजिनाचं ॲल्युमिनियम वाचवतं. खाऱ्या पाण्यात वापरलेल्या बोटीचं झिंक कोरं दिसलं तर घाबरायचं. गिअरचं तेल काढलं, त्यात दुधाळपणा नाही, म्हणजे सीलमधून पाणी शिरलेलं नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं. कुणीतरी दर फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्याने धूत होतं. मालकाच्या घराच्या भिंतीला लावलेला नळ आणि पाइप बघून त्याची खात्री पटली.

तीनला पाण्यात उतरलो. कुंडलिका नदीच्या मुखाशी पोचेपर्यंत ओहोटी लागली होती; पाणी बाहेर निघालेलं, वायव्येचा वारा आत येणारा. अशा वेळी तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात. मला हेच पाणी हवं होतं. सकाळच्या बोटीच्या व्ही आकाराच्या तळाचा मागचा उतार मी मोजला होता, १६ अंश. हिचा २०. चारच अंशांचा फरक, पण पाण्यावर आपटणं आणि पाणी कापत जाणं यातला फरक तिथेच असतो. १९६० साली मायामी ते नसाऊ शर्यतीत रे हंट यांनी आखलेली खोल व्ही तळाची 'मॉपी' खवळलेल्या समुद्रात पहिली आली, तेव्हापासून उघड्या पाण्यासाठी बोटी अशाच बनू लागल्या. ताईंनी दोन्ही हातांनी कठडा धरला होता. थोड्या वेळाने एक हात सुटला.

या तळाचा तोटाही आहे, आणि तो मी इंजिन बंद करून दाखवला. उभी असताना ही बोट जास्त डोलते. मामा मुद्दाम एका कडेला जाऊन उभे राहिले आणि बोट चांगलीच कलली. "आईला चढवताना दोघांनी धरायचं," ताई म्हणाल्या, जणू निर्णय झालाच होता. पेट्रोलही ही जरा जास्त पिणार. पूर्ण वेगात आरपीएम ५१०० वरच अडकत होते, म्हणजे पंख्याची पिच, एका फेऱ्यात तो जितकं पुढे जायला हवा ते अंतर, जास्त. १९ इंची आहे, १७ ची लावली की तीन-चारशे आरपीएम वर येतील आणि इंजिनावरचा ताण उतरेल.

ताईंना धरणातच बोट चालवायची असती आणि पहिलीचा ट्रान्सम शाबूत असता, तर मी बिनदिक्कत पहिली घ्या म्हटलं असतं. सपाट पाण्यात ती हलकी, स्थिर आणि काटकसरी. हे मी अहवालातही लिहिलं, कारण बोट वाईट नव्हती, तिची निगा वाईट होती.

रेवदंड्याची बोट ताईंनी घेतली. किंमत उतरवून घेतली ती वायरिंग, पेट्रोलची नळी आणि पंखा यांच्या खर्चाएवढी. बिल्ज पंप आणि त्याचा स्विच मात्र पैसे देण्याआधी विकणाऱ्यानेच बदलून द्यायचा, यावर मी अडून बसलो. सीट पुढच्या वर्षी. मामांनी यादीत स्वतःची एक भर घातली: दुसरा नांगर आणि त्याला लांब दोर, कारण मुखाशी इंजिन बंद पडलं तर ओहोटी थेट बाहेर नेते. धरणातल्या मालकाचा नंतर फोन आला. ट्रान्समचं काम करणारा कारागीर हवा होता. नंबर दिला, आणि बोट उघडली की तळाच्या आधारांचे फोटो आधी मला पाठवा म्हणून सांगितलं.