मिश्र माध्यम म्हणजे हाताला लागेल ते चिकटवणे का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. मी चित्रकला शिकवते आणि मिश्र माध्यमाचा विषय निघाला की विद्यार्थी, पालक, कधी कधी शेजारीसुद्धा हाच प्रश्न करतात: रंगांच्या जोडीला डाळी, शिंपले, फुटक्या बांगड्या चिकटवल्या की झाले ना मिश्र माध्यम? नुसती व्याख्या सांगून कोणाचे समाधान होत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी जोन क्विक-टू-सी स्मिथ या अमेरिकी चित्रकर्तीविषयी बोलू लागते.

स्मिथ यांचा जन्म १९४० साली मोंटाना राज्यातील सेंट इग्नेशस येथे, फ्लॅटहेड रिझर्व्हेशनवर, म्हणजे मूळ अमेरिकी जमातींसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशात झाला. त्या सेलिश आणि कूटनी या मूळ अमेरिकी जमातींच्या संघाच्या नोंदणीकृत सदस्य होत्या. याच लोकांना १८५५ सालच्या तहाने पश्चिम मोंटानातील बहुतेक भूमी सोडून द्यावी लागली होती. वडील घोड्यांचा व्यापार करीत आणि लहानपणी त्या त्यांच्याबरोबर हिंडत, त्यामुळे सौदा कसा होतो, समोरचा माणूस मालाची किंमत कशी पाडतो, हे त्यांनी फार लवकर पाहिले असणार. तू पुरुषांपेक्षा चांगले काढतेस, पण बाईला चित्रकार होता येत नाही, असे आपल्याला कॉलेजात सांगण्यात आल्याची आठवण त्या सांगत. पदवी मिळाली १९७६ मध्ये आणि न्यू मेक्सिको विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी १९८० मध्ये, म्हणजे वयाच्या चाळिशीत. उशिरा सुरुवात झाली म्हणून हळहळणाऱ्या प्रत्येकाला मी ही दोन साले ऐकवते.

परंतु प्रश्नाचे खरे उत्तर आहे ते त्यांच्या १९९२ सालच्या एका चित्रात. कोलंबसच्या आगमनाला पाचशे वर्षे झाली त्या वर्षी त्यांनी ते केले, आणि नाव दिले ‘सौदा: गोऱ्या लोकांकडून जमीन घेण्यासाठी भेटी’, अशा अर्थाचे. व्हर्जिनियातील नॉरफोकच्या क्रिसलर कलासंग्रहालयात मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. तीन कॅनव्हास जोडून झालेला सुमारे १४ फूट रुंद आणि ५ फूट उंच पट. त्यावर जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली एका होडीची बाह्यरेषा. लांबून केवळ रंगांचे ओघळ दिसतात, त्यांत लाल रंग रक्तासारखा उतरलेला. जवळ गेले की रंगाखालून वर्तमानपत्रांची कात्रणे, जुनी छायाचित्रे, वेष्टने वर येतात. काही कात्रणे ‘चार-कूस्टा’ या त्यांच्याच जमातीच्या वर्तमानपत्रातली आहेत. मग मान वर करावी लागते, कारण कॅनव्हासच्या वर वस्तू ओळीने टांगलेल्या आहेत: खेळण्यातली कुऱ्हाड, पिसांचा स्वस्त शिरपेच, मणी, आणि वॉशिंग्टन, क्लीव्हलँड, अटलांटा येथील क्रीडासंघांची मूळ रहिवाशांवरून ठेवलेली नावे मिरवणाऱ्या टोप्या.

डच वसाहतवाल्यांनी मॅनहॅटन बेट, म्हणजे आजच्या न्यूयॉर्क शहराचा मध्यभाग, ६० गिल्डर (तेव्हाचे डच नाणे) किमतीला घेतल्याची नोंद १६२६ सालच्या एका पत्रात आहे, आणि ते मण्यांच्या बदल्यात घेतले ही कथा तर अमेरिकेत शाळेपासून ऐकवली जाते. स्मिथ यांनी तोच सौदा उलटा मांडला आहे: आमच्या नावाने तुम्ही बनवलेला हा माल परत घ्या आणि जमीन द्या. या वस्तू रंगवून दाखवल्या असत्या तर सौद्याचे नुसते चित्र झाले असते. सौद्याला माल लागतो, आणि तोही दुकानातून विकत आणलेला, अस्सल माल. म्हणून त्या टोप्या टांगाव्याच लागल्या. विद्यार्थ्याने डाळ चिकटवून आणली की मी इतकेच विचारते, की हीच डाळ रंगवली असती तर तुझ्या चित्राचे काय गेले असते? बहुतेकांना उत्तर देता येत नाही. एका मुलीने मात्र आजीच्या लुगड्याचा काठ लावला होता, आणि काठावरच्या रफूवर बोट ठेवून ती म्हणाली, “हा टाका आजीचा आहे, तो मला कसा काढता येईल?” तिला मी पुढे काही विचारले नाही.

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने स्मिथ यांचे ‘आय सी रेड: टार्गेट’ २०२० मध्ये घेतले. त्या गॅलरीने मूळ अमेरिकी कलावंताचे विकत घेतलेले ते पहिलेच रंगचित्र, याचा आनंद मानावा की खेद, हे मला अजून ठरवता आलेले नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचे प्रदर्शन भरवले. होडी मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. पुढे तर मुलाबरोबर त्यांनी ती लाकडात घडवली. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

वॉशिंग्टनच्या संघाने आपले जुने नाव २०२० मध्ये टाकले आणि क्लीव्हलँडचा संघ २०२२ च्या हंगामापासून नव्या नावाने खेळू लागला. अटलांटाच्या संघाचे नाव तेच आहे.