नाणेघाट: राणीचा चोख हिशेब

इतिहासाचं वेड मला शाळेपासूनचं. पण लढाया आणि सनावळ्यांपेक्षा कुणी कुणाला काय दिलं, किती मोजलं, यातच माझा जीव जास्त रमतो. नोकरीही जन्मभर हिशेबाचीच केली, त्याचा परिणाम असेल. त्यामुळे नाणेघाट, ही जुन्नरजवळची जुनी व्यापारी घाटवाट, हे माझं लाडकं ठिकाण. या हिवाळ्यात भाचीला घेऊन पुन्हा गेलो.

जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी थेट घाटमाथ्यावर जाते. सोय आहे, पण मजा नाही. घाट खालूनच चढावा. कल्याणहून माळशेजच्या रस्त्याला लागायचं, टोकावडे मागे पडलं की वैशाखरे. तिथून नानाचा अंगठा हा डोंगर समोर ठेवून चालत राहायचं. वरच्या टप्प्यात दगडी पायऱ्या लागतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. पाठीवर फक्त पाण्याच्या बाटल्या असूनही आमची दमछाक झाली. गोण्या लादलेल्या जनावरांचं काय होत असेल!

माथ्याजवळ लेणं आहे. इथे कोरीव खांब नाहीत की नक्षी नाही, आणि त्यामुळे बरेच जण आत डोकावून सेल्फी काढतात आणि निघतात. खरा ऐवज आहे तो भिंतींवर. डाव्या आणि उजव्या भिंतीवर दहा-दहा ओळींचा ब्राह्मी लेख, भाषा प्राकृत, काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिचा. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना नमन. मग राणीचं वर्णन: महिनाभराचे उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी. आणि त्यानंतर केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी.

ही यादी वाचताना माझ्यातला कारकून जागा होतो. अग्न्याधेय या यज्ञाला 12 गाई आणि 1 घोडा. दुसऱ्या एका यज्ञात 1,700 गाई आणि 10 हत्ती. आणखी एका ठिकाणी 11,000 गाई, 1,000 घोडे. पुढे एक उत्तम गाव आणि 24,400 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. अगदी यज्ञ बघायला जमलेल्यांना आणि नोकरचाकरांना दिलेले 6,001 कार्षापणसुद्धा मांडलेले! तो वरचा एक सोडायला राणी तयार नाही.

एके ठिकाणी तर ‘बारस’ असं अक्षरी लिहून पुढे आकडाही कोरलाय, चेकवर आपण लिहितो तसा. भाचीला मी तो आकडा दाखवला, तर ती म्हणाली, “मामा, यात शून्य कुठाय?” पोरगी हुशार. शून्य नाहीच. दहाला, शंभराला, हजाराला वेगळी चिन्हं. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन. भारतीय अंकांच्या अगदी जुन्या नमुन्यांत या भिंतीची गणना होते, आणि त्याच भिंतीला टेकून लोक वेफर्स खातात. असो.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, वरची नावं उरली: सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजे आपली नागनिका) आणि राजा सातकनि (सातकर्णी), महारठी ही पदवी लावलेला त्रनकयिरो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक तांड्याला आपला दानधर्म आणि आपलं घराणं दिसेल अशी जागा राणीने हेरली, याचं मला फार कौतुक वाटतं.

खिंडीच्या वर तो प्रसिद्ध दगडी रांजण. यात जकातीची नाणी टाकत, असं सगळे सांगतात. रांजणावर तसा लेख नाही, पण एवढ्या वाहत्या वाटेवर जकात असणारच. जवळच जीवधन किल्ला, त्याला लागून वानरलिंगी सुळका. भाचीला तिथेही जायचं होतं, माझ्या गुडघ्यांनी नकार दिला.

मुक्काम जुन्नरला केला. तिथल्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे ग्रीकाने, दोन पाण्याची टाकी दान दिल्याचा लेख आहे. समुद्रापलीकडची ही माणसं इथवर आली, राहिली, दानधर्म करू लागली. इरिलने नाव कोरून घेतलं, टाकी दोन हेही सांगितलं. खर्च किती आला ते मात्र लिहिलं नाही. नागनिकेने लिहिला असता.