सडा

परवा दुपारी कपडे मशीनमध्ये टाकण्यापूर्वी खिसे तपासत असताना आबांच्या सदऱ्याच्या खिशात बोटांना काहीतरी गार आणि बुळबुळीत लागले. बाहेर काढून पाहिले तर ते सावरीचे फूल होते. म्हणजे सकाळी ते फूल होते, दुपारपर्यंत त्याचा तपकिरी लगदा झाला होता आणि खिशाच्या पांढऱ्या कापडावर चहा सांडल्यासारखा डाग उमटला होता. आबांना विचारले तेव्हा वर्तमानपत्रातून डोके न काढता ते म्हणाले, "वजन करायचं हुतं." स्वयंपाकघरात काटा आहे, पण घरी येईपर्यंत आबा ते विसरले आणि एका फुलाचे वजन कायमचे नोंदीवाचून राहिले.

किरणोत्सव संपला की आमचा फुले बघण्याचा हंगाम सुरू होतो. जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या आरंभी मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरून अंबाबाईच्या पायांवर, मग छातीवर, मग मुखावर येतात, त्या तीन दिवसांत अवघ्या कोल्हापूरचे लक्ष आकाशातल्या ढगांकडे असते; ते संपले की आबा सावरीची चौकशी करू लागतात. पंचांगाच्या हिशेबाने हा शिशिर. वसंत यायचा तो चैत्रात, आणि तोवर सावर, पांगारा आणि पळस यांचा बहुतेक कारभार आटोपलेला असतो. ज्या ऋतूला आपण पानगळीचा म्हणून मोडीत काढतो त्याच ऋतूत ही झाडे अंगावर एकही पान न ठेवता लाल होतात, आणि श्रेय मात्र पुढे येणाऱ्या वसंताला मिळते, याचे मला दरवर्षी थोडे वाईट वाटते.

आम्ही जातो ते शिवाजी विद्यापीठाच्या आवारात. 1962 साली विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा हा बराचसा उघडा माळ होता, असे जुनी माणसे सांगतात. आता साडेआठशे एकरांच्या त्या आवारात सकाळी फिरायला येणाऱ्यांना सावलीची निवड करता येते. आबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. हातात काठी, डोक्याला मफलर आणि पायांत मी हट्टाने घेऊन दिलेले बूट, ज्यांना ते अजून "तुझं बूट" म्हणतात. त्यांच्या मानेच्या मणक्यांची झीज झाली आहे आणि मान वर केली की त्यांना घेरी येते, त्यामुळे डॉक्टरांनी वर बघायला मनाई केलेली आहे. ही मनाई मला प्रथम कळली तेव्हा फुले बघायला जाण्याचा आमचा बेत मी मनातल्या मनात रद्दच करून टाकला होता, कारण चाळीस-पन्नास फूट उंचीवर फुलणारे झाड मान खाली घालून कसे बघायचे, हे मला सुचत नव्हते.

आबांना ते सुचले होते, किंवा त्यांना तो प्रश्नच पडला नव्हता. ते जमीन बघतात. झाडाखाली उभे राहून काठीच्या टोकाने एकेक फूल उलटे करतात, आणि खाली पडलेल्या मालावरून वरच्या झाडाचा अंदाज सांगतात. प्राजक्ताच्या सड्याचे मराठीत इतके कौतुक झाले आहे की सडा म्हटले की दुसरे फूल कोणाला आठवतच नाही. पण करंजाखाली सकाळी जाऊन पाहावे. लाह्या भाजताना टोपलीबाहेर उडाव्यात तशी ती बारीक, जांभळट-पांढरी फुले पसरलेली असतात आणि पाय ठेवायला जागा नसते. गिरिपुष्पाचा सडा फिकट गुलाबी, वाऱ्याबरोबर रस्त्याच्या कडेला जाऊन बसणारा. त्याला आपल्याकडे उंदीरमारी असे रोखठोक नाव आहे आणि ते झाड मुळात मेक्सिकोकडून आलेले आहे, हे मी एकदा आबांना सांगितले, तेव्हा "आता हितलंच झालं की," एवढ्या चार शब्दांत त्यांनी त्याला नागरिकत्व देऊन टाकले.

सावर मात्र सडा घालत नाही. ती फुले टाकते. शांत सकाळी झाडाखाली उभे राहिले तर 'धप्प' असा आवाज येतो आणि कोणीतरी ओली कणीक फेकल्यासारखे ते अख्खे फूल मातीत येऊन बसते. पाच जाड, मेणचट, मागे वळलेल्या पाकळ्या, मधोमध पुंकेसरांचा दाट झुबका, आणि आत राहिलेल्या मधाच्या थेंबापर्यंत पोचण्यासाठी लगेच निघालेली मुंग्यांची रांग. ताज्या फुलाची पाकळी बोटाने दाबली तर ती करकरते. दुसऱ्या दिवशी तीच पाकळी कडेने काळी पडून चामड्यासारखी लोळागोळा होते. हे सारे मला माहीत आहे ते आबांच्या काठीमुळे, कारण त्यापूर्वी चाळीस वर्षे मी सावर बघत होतो ती फक्त लांबून आणि वर.

आबांची नोकरी साखर कारखान्यात, शेती खात्याकडे, चिटबॉयची. हा शब्द कोल्हापूरच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. उसाची नोंद घ्यायची, तोडीच्या चिठ्ठ्या द्यायच्या, शेतकऱ्याच्या शिव्या खायच्या आणि बांधावर उभे राहून नुसत्या नजरेने फडात किती टन निघतील ते सांगायचे. आबांचा अंदाज फारसा चुकत नसे, अशी त्यांची ख्याती होती. निदान आमच्या घरात तरी होती. गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्चपर्यंत चालायचा, म्हणजे झाडे फुलण्याचे दिवस नेमके तोडीच्या घाईचे. त्यातून उसाच्या माणसाला फुलाचे कौतुक असण्याचे कारणही नव्हते. उसाला तुरा आला की वाढ थांबते, कांडे पोकळ होऊ लागते आणि वजन घटते. शेतकरी "तुरा आलाय, आधी माझा तोडा," म्हणून दारात येऊन बसायचे. पांढऱ्या तुऱ्यांचे शेत उन्हात चमकताना पाहून पाहुणे हरखायचे आणि आबा हिशेबाने हळहळायचे. अशा माणसाने उतारवयात फुले बघायला निघावे, याचे आश्चर्य मी बरेच दिवस करत होतो.

अपवाद एकच आठवतो. मी तिसरीत किंवा चौथीत असेन. रंगपंचमीच्या आधीच्या रविवारी आबांनी मला सायकलच्या नळीवर बसवून केर्लीच्या पुढे, जोतिबाच्या चढाच्या पायथ्याकडे नेले होते. नोंदीचे काही काम असावे. परत येताना एका उतारावर त्यांनी सायकल थांबवली. समोर पळस होता, पाने गळालेला, वेडावाकडा, आणि इतका केशरी की बघताना डोळे बारीक करावे लागावेत. साळुंक्यांनी वर बाजार मांडला होता. आबांनी खांद्यावरचा टॉवेल पसरला आणि आम्ही दोघांनी खाली पडलेली फुले गोळा केली. वरची एकही तोडली नाही, कारण आबांच्या मते खाली इतकी पडलेली असताना वरच्याला हात लावणे हा आळशीपणा नव्हे तर हावरेपणा होता. कळ्यांचे देठाकडचे तपकिरी मखमली आवरण मी गालावर फिरवून बघितले, ते अजून आठवते. घरी आईने ती फुले पातेल्यात उकळली आणि चिमूटभर चुना टाकला, तेव्हा पिवळे पाणी डोळ्यांदेखत नारिंगी झाले. तो रंग अंगाला लागून तासाभरात उतरला आणि गल्लीतल्या पोरांनी मला हसून घेतले, कारण त्यांच्याजवळ चार दिवस न निघणारा पक्का रंग होता. मी आबांवर रागावलो होतो. त्यांनी तो राग बघितला असावा, कारण पुढच्या वर्षी त्यांनी गुपचूप बाजारातली रंगाची पुडी आणून दिली आणि पळसाकडे आम्ही पुन्हा गेलो नाही.

पडलेल्या फुलावर पाय द्यायचा नाही, हा माझा एक वेडेपणा आहे, आणि करंजाखाली तो पाळणे अशक्य असल्यामुळे मी तिथे रस्ता ओलांडून पलीकडून जातो. आबा ठरवल्यासारखे मधून जातात. "पडलं त्ये पडलं," म्हणतात. आमच्या गल्लीत पहाटे झाडलोट होते तेव्हा शेजारच्या कांचनाची फुले ओल्या कचऱ्याबरोबर ढिगात जातात. मला ते बघवत नाही आणि आबा खिडकीतून ढिगाकडे बघून कांचन ऐन बहरात आल्याचे जाहीर करतात.

विद्यापीठातल्या त्या एका सावरीखाली ते रोज मला विचारतात, "वर किती हाईत रं?" मी मान वर करून मोजल्यासारखे करतो आणि अंदाजे आकडा सांगतो. दोनशे. मग दीडशे. बांधावरून टनेज सांगणाऱ्या माणसाला असा ढोबळ आकडा सांगताना मला लाज वाटते, पण आबा मान डोलावतात. गेल्या सोमवारी मी वर पाहिले तेव्हा झाड जवळजवळ रिकामे झाले होते. टोकाला दोन-तीन फुले, बाकी नुसत्या फांद्या, आणि काही ठिकाणी हिरवी, टोकदार बोंडे धरू लागलेली. का कोण जाणे, मी म्हणालो, "हैत की अजून, आबा. शंभरभर असतील."

आबा काही बोलले नाहीत. काठीने त्यांनी एक फूल उलटे केले, मग दुसरे, मग थोडे वाकून तिसरे. सगळी काळी पडलेली होती.

"ही कालची," ते म्हणाले. "ही परवाची. आजचं एकबी न्हाई."

मी गप्प उभा राहिलो. समोरून फिरायला आलेले दोघे जण आमच्याकडे बघून हसून गेले. आबांनी काठी मातीवर टेकून वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतले, बुंध्यावरच्या बोथट काट्यांवरून हात फिरवला आणि विचारले, "कापूस कधी सुटंल ह्येचा?"

"एप्रिलच्या शेवटाला. फार तर मे."

"बगू," आबा म्हणाले, आणि पांगाऱ्याच्या दिशेने चालू लागले.