फाशीच्या तरतुदीपलीकडे

४ डिसेंबर २०१७ रोजी आमच्या मध्य प्रदेशच्या विधानसभेने बारा वर्षे किंवा त्याहून कमी वयाच्या मुलींवर बलात्कार करणाऱ्यास फाशीपर्यंत शिक्षा देण्याचे विधेयक एकमताने संमत केले, आणि पुढच्याच वर्षी केंद्रानेही बारा वर्षांखालील मुलींसाठी तशी तरतूद देशभर लागू केली. इंदूरच्या मराठी घरांतही तेव्हा समाधान व्यक्त झाले. ते मी समजू शकते. परंतु चर्चा फाशीपाशीच थांबते, याचे मला मनापासून दुःख होते.

पीडितेला पहिल्या दिवशी उपयोगी पडणारे हक्क कितीजणींना ठाऊक आहेत? सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर तत्काळ आणि विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. नकार देणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. घटना उज्जैनला घडली असली तरी तक्रार इंदूरच्या ठाण्यात नोंदवता येते, तिची प्रत मोफत मिळते, आणि जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. बदनामीच्या भीतीने गप्प बसणाऱ्या कुटुंबांना तर हे आवर्जून सांगायला हवे की तिचे नाव जाहीर करणे हाच गुन्हा आहे.

नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. आरोपी सापडला नसला तरीही तो करता येतो.