आवड बदलली की बैठक तुटली? जॉनर-नोंदवही, तिसरी आवृत्ती

जॉनर-नोंदवही म्हणजे व्हिडिओ गेमची आपली आवड खरोखर बदलली का, ते पाहण्यासाठी ठेवायची वही. पहिल्या आवृत्तीत तीनच रकाने होते: गेम, जॉनर (गेमचा प्रकार), तास. अशा वहीतून बहुधा एकच चित्र निघते. कॉलेजात काउंटर-स्ट्राइकसारखे बंदुकांचे शूटर नि डोटासारखे संघांचे गेम, नोकरी लागल्यावर एल्डन रिंगसारखे एकट्याने खेळायचे मोठे गेम, घरात पोर आले की स्ले द स्पायर आणि बॅलाट्रो हे पत्त्यांचे गेम. मग 'वय झालं, आता शूटर जमत नाहीत' असे म्हणून वही मिटायची. तिसऱ्या आवृत्तीत जॉनरचा रकानाच काढून टाकला आहे. त्याच्या जागी काय घातले आणि का, ते खाली मांडले आहे. वही फोंडा, डिचोली, म्हापसा या बाजूच्या मंडळींसाठी आखलेली आहे, म्हणून पाऊस, लाईट आणि चवथ यांचा हिशेब तीत धरावाच लागला.

तासांचा घोळ

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाने दाखवलेले तास म्हणजे खेळलेले तास नव्हेत. प्रोग्राम उघडा असेतोवर घड्याळ चालू राहते, मेनूवर सोडून जेवायला गेलात तरी. सिव्हिलायझेशन आणि फॅक्टोरिओ यांचे आकडे याच कारणाने फुगतात. मॅचवाल्या गेमचे तेवढे फुगत नाहीत, कारण तिथे जागेवरून उठलात की शिक्षा होते. म्हणजे दोन जॉनरची तुलना पहिल्याच पायरीवर खोटी ठरते. एपिक (दुसरे गेम-दुकान) आणि गेम पास (वर्गणीची गेम-सेवा) यांचे तास आणखी वेगळ्या ठिकाणी. घरातली दोघेतिघे एकाच खात्यावर खेळत असतील तर बोलायलाच नको. २०२४ पासून स्टीम फॅमिलीजमध्ये सहा जणांपर्यंत एकत्र येता येते आणि प्रत्येकाचे सेव्ह व तास वेगळे राहतात. वही सुरू करण्याआधी हे काम उरकून घ्यावे.

तासांऐवजी बैठक लिहा. एका बैठकीला एक ओळ: कधी बसलो, कधी उठलो आणि का उठलो. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. त्यासाठी पाच खुणा पुरतात: 'पु' म्हणजे मनासारखे पुरे झाले, 'हा' म्हणजे कुणाची हाक आली, 'ला' म्हणजे लाईट गेली, 'चि' म्हणजे चिडून उठलो, 'झो' म्हणजे झोप. उठल्यावर लगेच लिहायचे. रात्रीचे सकाळी लिहिले की सगळे 'पु' होऊन बसते.

विकत घेतलेले गेम या वहीत येत नाहीत. खरेदीची आवड आणि खेळण्याची आवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एपिकने डिसेंबर २०१८ पासून फुकट गेम वाटायला सुरुवात केली, त्या ढिगाऱ्यावरून स्वतःची आवड वाचणे म्हणजे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नुसते फिरून आपल्याला काय पचते ते ठरवण्यासारखे.

नाव तेच, गेम दुसराच

दुसऱ्या आवृत्तीत जॉनर बारकाईने भरायचा प्रयत्न होता. तोही फसला, कारण लेबले स्थिर नसतात. सुरुवातीला डूमसारख्या प्रत्येक गेमला 'डूम क्लोन' म्हणायचे, 'फर्स्ट पर्सन शूटर' हे नाव नंतर रुळले. 'रोगलाइक' हा शब्द १९८० च्या रोगवरून आला. आज त्याच टॅगखाली हेडीज, बॅलाट्रो आणि व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स एका रांगेत बसतात. पहिल्यात हात चालतो, दुसऱ्यात डोके, तिसऱ्यात बहुतेक वेळ फक्त पाय. स्टीमवरचे टॅग लोकच लावतात, त्यामुळे त्यावरून आपोआप होणारी कलेक्शन्स आवडीचा पुरावा म्हणून वापरू नयेत.

याहून मोठी चूक मालिकांची. फॉलआउट १९९७ मध्ये वरून दिसणारा, आळीपाळीने चाल खेळायचा गेम होता. २००८ चा फॉलआउट ३ डोळ्यांच्या उंचीवरून खेळायचा. बाल्डर्स गेट उलट वाटेने गेला: १९९८ मध्ये वेळ वाहत असे आणि हवे तेव्हा थांबवता येई, २०२३ च्या तिसऱ्या भागात लढाई पूर्णपणे आळीपाळीने. रेसिडेंट ईव्हिल १९९६ मध्ये स्थिर कॅमेऱ्याचा, २००५ च्या चौथ्यात खांद्यामागून, २०१७ च्या सातव्यात नायकाच्या डोळ्यांतून. याकुझा २०२० मध्ये हाणामारी सोडून आळीपाळीवर आला. असॅसिन्स क्रीडला २०१७ च्या ऑरिजिन्सपासून आरपीजीची (पात्र वाढवत नेण्याच्या गेमची) आकडेमोड चिकटली. 'मला आता ही मालिका आवडत नाही' अशी ओळ वहीत आली की आधी पाहावे, सरकले कोण? माणूस जागच्या जागी आणि मालिका चालती झाली, असे पुष्कळदा असते.

तुकडा

आता मुख्य रकाना. प्रत्येक गेमला एक तुकडा असतो: नुकसान न होता उठता येईल असा सर्वांत लहान भाग. जॉनरपेक्षा हा आकडा आवडीबद्दल कितीतरी जास्त सांगतो.

डोटा २ चा तुकडा म्हणजे अख्खी मॅच, सहसा अर्ध्या तासाहून जास्त. पाच मिनिटांहून जास्त वेळ बाहेर राहिलात की अ‍ॅबॅन्डन (मॅच सोडल्याचा शिक्का) लागतो आणि पुढे लो प्रायॉरिटीची, म्हणजे शिक्षा झालेल्यांची, रांग. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये २०२३ पासून १३ राउंड जिंकले की मॅच संपते, म्हणजे जादा वेळ न लागल्यास जास्तीत जास्त २४ राउंड. आधीच्या ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये १६ जिंकावे लागत, जास्तीत जास्त ३०. राउंड १ मिनिट ५५ सेकंदांचा, बॉम्ब लागला तर त्यावर ४० सेकंद. 'पुन्हा सीएस खेळावंसं वाटतंय' असे अलीकडे वाटू लागले असेल तर त्यात आवडीइतकाच या सहा वजा राउंडांचा हात असू शकतो.

स्टारड्यू व्हॅली सगळे शांत गेम म्हणून सांगतात. पण पीसीवर तो झोपल्यावरच सेव्ह होतो, आणि त्यातला पूर्ण दिवस साधारण १४ मिनिटांचा. जुलैतल्या फोंड्यात १४ मिनिटे सलग लाईट राहील याची हमी कोण देणार? स्ले द स्पायर खोलीत शिरताना सेव्ह होतो, लाईट गेली तर तेवढी एक लढाई पुन्हा. हेडीजही दालनागणिक. सिव्हिलायझेशन ६ मध्ये दर पाळीला ऑटोसेव्ह लावता येतो आणि फॅक्टोरिओत किती मिनिटांनी सेव्ह व्हावे ते ठरवता येते, पण कारखाना मोठा झाला की सेव्हच्या वेळी गेम क्षणभर अडखळतो, म्हणून लोक ते अंतर वाढवतात आणि नेमके तेव्हाच गाडे अडते.

रकान्यात लिहायचे दोन आकडे: गेमचा तुकडा किती मिनिटांचा, आणि गेल्या दहा बैठकांत मधेच न उठता सलग किती मिनिटे मिळाली. सरासरी काढू नका. दहा आकडे चढत्या क्रमाने लावा आणि खालून तिसरा घ्या. एखाद्या रविवारची चार तासांची बैठक सरासरी बिघडवते, खालून तिसरा आकडा रोजचे घर दाखवतो. तुकडा या आकड्यापेक्षा मोठा असेल तर तो गेम हळूहळू सुटणार, आणि खापर जॉनरवर फुटणार.

समजा तिसरा आकडा २० मिनिटे आला. डोटाची नेहमीची मॅच त्यात बसत नाही, टर्बो (डोटाचाच झटपट प्रकार) कधी बसेल कधी नाही, स्ले द स्पायर आरामात बसतो. इथे 'एमओबीए (डोटासारखे संघांचे गेम) सुटले, पत्ते आवडू लागले' असे लिहिणे चूक. बैठक तुटली, एवढेच लिहावे.

बॅकअपचे गणित याच रकान्याला जोडून घ्या. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस सहसा ३६० वॅटपर्यंत भार घेतो. १७० वॅटचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून खेळताना भार ३०० वॅटच्या आसपास जातो, म्हणजे हाती येतात काही मिनिटे, तीही बॅटरी नवी असेल तर. तेवढ्यात सेव्ह करून बंद करायचे. मॅच पुरी करण्याच्या नादात बॅटरी तळाला नेऊ नये, लेड-अ‍ॅसिड बॅटरी त्याने लवकर मरते. राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस वेगळा द्या. राउटर १० ते १२ वॅटच खातो, त्यामुळे तो बराच टिकतो, आणि लॅपटॉपवाल्यांची मॅच तरी सुटत नाही.

हात, डोळे, पडदा, भिंत

वयाचा परिणाम खोटा नाही. स्टारक्राफ्ट २ च्या १६ ते ४४ वयाच्या ३३०५ खेळाडूंवरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यावर नवे काही दिसल्यापासून पहिली कृती होईपर्यंतचा वेळ वयाच्या २४ पासून वाढू लागतो, असे त्यात दिसले. पण मोठे खेळाडू साध्या युक्त्यांनी ती तूट भरून काढतात असेही त्यातच आहे. तेव्हा वयाकडे बोट दाखवण्याआधी सामान तपासावे, कारण सामानाची चूक वयाच्या चुकीपेक्षा अनेकदा मोठी असते.

टीव्हीवर खेळणाऱ्यांनी गेम मोड चालू आहे का ते आधी पाहा. तो बंद असला तर काही टीव्ही १०० मिलिसेकंदांपर्यंत उशीर करतात. सेकंदाला ६० फ्रेमच्या (चित्रांच्या) गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे हे सहा फ्रेम झाले. स्ट्रीट फायटर ६ मधले सर्वांत वेगवान ठोसे चार फ्रेममध्ये लागतात, परफेक्ट पॅरीची, म्हणजे वार ऐन क्षणी अडवण्याची, फट दोन फ्रेमची. अशा टीव्हीवर फायटिंग गेम 'जमेनासे' होणारच.

कंट्रोलरचे दुखणे वेगळे. स्टिकच्या आतले पोटेन्शिओमीटर झिजले की पात्र आपोआप सरकते, आणि उडी मारण्याचे नेमके गेम नकोसे वाटू लागतात. स्टीम इनपुटमध्ये डेडझोन (स्टिकची जी हालचाल गेम मोजत नाही ती) १० टक्क्यांपासून वाढवत न्या, सरकणे थांबेल तिथे थांबा. १५ च्या पुढे जावे लागले तर स्टिक बदला, हॉल इफेक्टची (चुंबकावर चालणारी) मिळाली तर उत्तम. पावसाळ्यात कंट्रोलर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि पीसी न खेळण्याच्या दिवसांतही अर्धा तास चालू करावा. आतल्या उबेने दमट हवा बसत नाही.

माऊसवाल्यांसाठी: काउंटर-स्ट्राइकमध्ये ८०० डीपीआय (माऊस एक इंच हलला की मोजले जाणारे ठिपके) आणि १.० सेन्सिटिव्हिटीला पूर्ण गिरकीसाठी माऊस सुमारे ५२ सेंटिमीटर हलवावा लागतो. टेबल लहान झाले, शेजारी मुलांची दप्तरे आली, की तेवढी जागा उरत नाही आणि मनगट वळू लागते. सेन्सिटिव्हिटी २.० केली की अंतर २६ वर येते. त्यानंतर निदान दोन आठवडे नेम चुकतोच; त्या काळातल्या 'चि' खुणा मोजू नयेत.

चाळिशी लागलेल्यांनी हातात धरायच्या यंत्रावर मजकुराचे आरपीजी सोडून दिले असतील तर आधी अक्षरे मोठी करून पाहावीत. शूटरमध्ये मळमळत असेल तर दृष्टिक्षेत्र ६० वरून ९० अंशांवर, मोशन ब्लर (हलताना येणारा धूसरपणा) बंद, हेड बॉब (चालताना दृश्याचे डुलणे) बंद.

आणि भिंत. जुन्या गोमंतकीय घरांच्या चिऱ्याच्या भिंती जाड असतात, पावसात ओल धरतात, आणि ५ गिगाहर्ट्झचे वायफाय त्यातून जाता जाता गळते. आधी राउटरलाच शंभर पिंग (निरोप जाऊन-येऊन किती वेळ लागतो ते मोजणारी हाक) पाठवा. तिथेच आकडा उड्या मारत असेल तर दोष घरातला, केबल ओढा. राउटरपर्यंत सगळे स्थिर असेल तर सर्व्हर बघा. गोव्याहून मुंबईपर्यंत सुमारे ६०० किलोमीटर धरले तर फायबरमधून जाऊन-येऊन प्रकाशाला सहा मिलिसेकंद लागतात. सिंगापूर सरळ रेषेतही साडेतीन हजारांहून दूर, तिथे तळच ३६ चा. प्रत्यक्षात दोन्ही आकडे वाढतात, कारण केबल सरळ जात नाही. मॅच शोधताना कमाल पिंगची मर्यादा खाली आणा, थोडे थांबावे लागेल पण सिंगापूर टळेल.

तीन आठवड्यांची चाचणी

जॉनर खरोखर मनातून उतरला का, हे पाहण्यासाठी तो जॉनर ठेवायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिल्या आठवड्यात तुकडा लहान करा: डोटाऐवजी टर्बो, काउंटर-स्ट्राइकच्या मोठ्या मॅचऐवजी डेथमॅच (कधीही शिरा, कधीही उठा). दुसऱ्यात विरोधक बदला, माणसाऐवजी यंत्र: शूटर आवडत असेल तर २०१६ चा डूम किंवा त्याच वर्षीचा टायटनफॉल २, एकट्याने. तिसऱ्यात हरण्याची किंमत बदला, रँक नसलेल्या मॅच किंवा एक पायरी खालची डिफिकल्टी. प्रत्येक आठवड्यात किमान पाच बैठका हव्यात. 'पु' खुणा पहिल्या आठवड्यात वाढल्या तर प्रश्न वेळेचा, दुसऱ्यात वाढल्या तर माणसांचा, तिसऱ्यात वाढल्या तर रँकच्या आकड्याचा. तिन्हींत वाढल्या नाहीत, तरच 'जॉनर सुटला' असे लिहा. आणि तसे लिहायला लाजू नये, तेही होते.

नवा जॉनर तपासताना स्टीमचा परतावा कामी येतो: खरेदीपासून १४ दिवस आणि खेळणे दोन तासांच्या आत. ९० मिनिटांचा गजर लावा. पण पर्सोना ५ रॉयलसारख्या गेमला ही कसोटी लावू नये, त्यातले पहिले काही तास हात धरून चालवण्यातच जातात. लांब सुरुवातीचे गेम सेलमध्ये घ्या आणि परताव्याचा विचार सोडा.

चाचणी चतुर्थीच्या आठवड्यात सुरू करू नका. घर भरलेले असते, पीसीच्या खोलीत पाहुणे झोपलेले असतात आणि ओळी सगळ्या 'हा' येतात. दिवाळीच्या आधीचे दिवस त्याहून वाईट, अर्धा वाडा रात्री नरकासुराला कागद चिकटवत बसलेला असतो. त्या दिवसांच्या ओळीत शून्य भरू नये, खालून तिसरा आकडा उगाच पडतो. तिथे 'नरकासुर' लिहून ओळ मोकळी सोडावी.